प्रार्थना आणि शाकारणी

मृग नक्षत्र लागण्याआधीच्या रविवारी आपल्या शाळेच्या प्रार्थनामंदिरात पावसासाठी खास प्रार्थना होत असे, आणि त्या रविवारपूर्वी बोर्डिंगचे छप्पर शाकारून झालेले असलेच पाहिजे, असा पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवणाऱ्या आमच्या सरांचा दंडक होता. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला पाऊस ज्यांनी अंगावर घेतला आहे, त्यांना शाकारणीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. वानरांनी सरकवलेली कौले नीट बसवायची, फुटलेली काढून टाकायची, पन्हळीतला कुजलेला पाला उपसायचा, ही कामे सुट्टीत गावी न गेलेली मोठी मुले आणि स्वतः सर मिळून करीत. आम्हा मुलींकडे अंगणातला चर मोकळा करण्याचे काम असे. एका वर्षी शाकारणी अर्धवट राहिलेली असताना पाळकसाहेबांनी प्रार्थना ठरल्या दिवशीच उरकून घेऊ असे सुचवले, तेव्हा सर अतिशय नम्रपणे म्हणाले, "साहेब, हे छप्पर बघितलं की आपण मागितलेला पाऊस येईल असं आपल्यालाच वाटत नाही, हे देवाला दिसेल." प्रार्थना आठवडाभर पुढे गेली आणि त्या आठवड्यात छप्पर पुरे झाले.

आपल्या शाळेने मला पुष्कळ दिले. पण स्मरणिकेसाठी लिहायला बसल्यावर जे देवाकडे मागायचे त्यासाठी आपले हातही चालवायचे, या एकाच शिकवणीविषयी मला लिहावेसे वाटते, कारण पुढच्या सगळ्या आयुष्यात ती माझ्या उपयोगी पडली.

बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला तिसरा अध्याय सर दरवर्षी वाचून दाखवीत. इस्राएल, यहूदा आणि अदोम यांचे राजे मवाबावर चालून जाताना सात दिवसांच्या वाटचालीनंतर सैन्याला आणि जनावरांना पाण्याचा थेंब उरत नाही, तेव्हा ते अलीशा संदेष्ट्याकडे जातात. अलीशा त्यांना सांगतो की या खोऱ्यात जागोजाग चर खणा. वारा दिसणार नाही, पाऊस दिसणार नाही, तरी हे खोरे पाण्याने भरेल. सर इथे पुस्तक मिटून आम्हाला विचारीत, की तहानेने जीव कासावीस झालेल्या माणसाने कोरड्या जमिनीत कुदळ कशाच्या बळावर मारायची? आम्ही गप्प बसत असू. उत्तर त्यांनी कधी फळ्यावर लिहून दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अदोमच्या वाटेने पाणी आले आणि त्या चरांत साठले, एवढे वाचून ते थांबत. तांबड्या समुद्राच्या काठी मोशे देवाचा धावा करीत असताना, माझा धावा काय करतोस, लोकांना पुढे चालायला सांग, असे देवानेच त्याला सांगितले, हा प्रसंगही त्यांच्या विशेष आवडीचा होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण सरांच्या शिकवणीचा अर्थ काही जण चुकीचा लावत आणि आजही लावतात. आपण केलेल्या कामाच्या मोबदल्यात देव मदत देतो, असे सरांनी कधीही शिकवले नाही. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने होते, कर्मांनी नव्हे, हे प्रेषित पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे आणि त्यात तडजोड नाही. मात्र त्याच्या पुढच्याच वचनात, देवाने आपल्याला सत्कृत्ये करण्यासाठी निर्माण केले आहे, असेही तो लिहितो. याकोब आपल्या पत्रात त्याहून रोखठोक बोलतो. उघड्या आणि उपाशी भावाला काहीही न देता, सुखाने जा, ऊब घे, असे म्हणून वाटेला लावणाऱ्याचा विश्वास निर्जीव आहे, असे तो म्हणतो. खोऱ्यातले पाणी चर खणणाऱ्यांनी निर्माण केले नाही. ते येणार यावर भरवसा ठेवल्यामुळे त्यांच्या हाती कुदळ आली. हा फरक मला शाळेत पाठ होता, पण तो खऱ्या अर्थाने कळला तो पुढे रुग्णांच्या खाटांशेजारी उभे राहिल्यावर.

आपल्या बेळगावच्या मातीत या गोष्टीचे मोठे उदाहरण आहे आणि आपल्या मुलांना ते फारसे ठाऊक नाही याचे मला दुःख वाटते. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला आणि त्यांचे सुरुवातीचे शिक्षणही इथल्याच मिशन शाळेत झाले. ख्रिस्तावरचा विश्वास मनात रुजल्यावर घर आणि जात सुटण्याच्या भीतीने त्यांना दीर्घकाळ झगडावे लागले. अखेर १८५४ साली त्यांनी याच गावी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली, ज्यात विधवांची दैना उघडपणे मराठीत मांडली गेली. विधवांसाठी देवाची करुणा भाकणारा हा माणूस त्यांच्यासाठी लेखणी घेऊन बसला. पंडिता रमाबाईंचेही तेच. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुलींसाठी त्यांनी प्रार्थना केली आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. शेकडो मुलींना त्यांनी आसरा दिला आणि केडगावचे मुक्तिसदन त्यातून उभे राहिले.

शाळा संपल्यावर मी नर्सिंगचे शिक्षण मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात, म्हणजे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयात घेतले. शस्त्रक्रियेआधी तिथे प्रार्थना होई. ती आटोपशीर असे आणि तिच्याआधी हात कोपरापर्यंत घासून धुतलेले असत, उपकरणे मोजून मांडलेली असत. आपल्या शाळेतून आलेल्या मुलीला त्यात नवल वाटले नाही. पुढे निरनिराळ्या ठिकाणी काम करताना अशाही रात्री आल्या, की आम्ही मनापासून मागितले, हातचे काहीही राखून ठेवले नाही, आणि तरी पहाटे रुग्ण गेला. अशा वेळी, तुमचा विश्वास कमी पडला असेल, असे नातेवाइकांना सांगणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याइतका दुखावणारा माणूस मला दुसरा आठवत नाही. ज्या पीडेला पौल अंगातला काटा म्हणतो, ती निघावी म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, एवढे उत्तर मिळाले, आणि त्या काट्यासकट तो मंडळ्यांना पत्रे लिहीत, प्रवास करीत राहिला. मृताच्या आईजवळ बसून राहणे, तिला पाणी पाजणे, गावाकडे जायची गाडी ठरवून देणे हीसुद्धा प्रार्थनेचीच कामे आहेत, असे मी माझ्या हाताखालच्या मुलींना सांगत आले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभा, मार्कंडेय आणि घटप्रभा या तिन्ही नद्यांनी जिल्ह्याला वेढले, तेव्हा मी निवृत्त होऊन गावी आले होते. लोक गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या मदत छावणीत, निजत होते. आमच्या चर्चच्या मंडळीने पहिल्या संध्याकाळी रोगराई पसरू नये म्हणून प्रार्थना केली आणि दुसऱ्या सकाळी आम्ही काही जण, पाणी ओसरलेल्या एका वस्तीत, गढूळ पाणी उपसून झालेल्या विहिरीपाशी दोरी आणि दगड घेऊन उभे राहिलो. व्यास मोजला, दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजली आणि आपल्या गणिताच्या बाईंनी शिकवलेल्या वृत्तचितीच्या घनफळाने हिशेब केला. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असले तर ते सुमारे ६३ हजार लिटर भरते. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरले, तर सुमारे १६० ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागते. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते आणि ते तपासून ठरवावे लागते. पावडर बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडायची आणि दोरीने खालीवर घुसळायची. त्यानंतर निदान तासभर कोणालाही पाणी भरू द्यायचे नाही. त्या तासात रिकाम्या घागरी घेऊन थांबलेल्या बायकांबरोबर आम्ही पुन्हा प्रार्थना केली. त्यांच्यातल्या बहुतेक ख्रिस्ती नव्हत्या. त्यांनीही आपापल्या देवाला हात जोडले, आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही.

सरांनी बोर्डिंगमध्ये सुरू केलेली एक पद्धत आमच्या महिला संघात आजही चालू आहे. प्रार्थनेच्या विनंत्या ज्या वहीत लिहायच्या, तिच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे विनंती आणि उजवीकडे त्यासाठी कोण काय करणार, त्याचे नाव. आजारी माणसासाठी प्रार्थना असेल तर दवाखान्यात डबा कोण नेणार, मुलाच्या नोकरीसाठी असेल तर अर्ज भरायला त्याच्याबरोबर कोण बसणार. उजवा रकाना पुष्कळदा रिकामा राहतो. तो रिकामा दिसतो म्हणूनच कोणीतरी उठते, असा माझा अनुभव आहे. बायबलमध्ये, शत्रूच्या धमक्या आल्यावर यरुशलेमचा कोट बांधणाऱ्या नहेम्याच्या लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. आमचा उजवा रकाना हा आमचा पहारा आहे, असे मी संघातल्या भगिनींना सांगते.

या जून महिन्यात वहीत आपल्याच बोर्डिंगच्या मुलींनी लिहिलेली एक विनंती आहे. घरी आणि शाळेत सगळा व्यवहार मराठीत असल्यामुळे त्यांना दहावीच्या कन्नडच्या पेपरची धास्ती वाटते, आणि आम्हालाही ती वाटत असे. तेव्हा कन्नडच्या बाई रोज संध्याकाळी आमच्याकडून एक पान शुद्धलेखन लिहवून घेत आणि मगच प्रार्थनेला सोडत. उजवीकडे मी माझे नाव लिहिले आहे, पण माझे कन्नड दवाखान्यातल्या बोलण्यापुरते आहे, व्याकरण मला शिकवता येणार नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी जे कन्नड उत्तम जाणतात आणि खानापूर-बेळगाव भागात राहतात, त्यांनी शनिवारी दुपारी तीन वाजता बोर्डिंगच्या भोजनगृहात यावे. मुली वह्या घेऊन तिथे बसलेल्या असतात.