काळी माती, धूळ आणि नवतपा: नागपुरात फोर-बाय-फोर सांभाळताना

सर्व्हिस बुकात किलोमीटर आणि महिन्यांचं कोष्टक छापलेलं असतं. डांबरावर चालणाऱ्या गाडीला ते पुरतं. पांदणीत, नाल्यात, उमरेड-पेंचकडच्या कच्च्या रस्त्यांवर फिरणारी थार, जिम्नी किंवा जुनी जिप्सी अशी फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद देता येणारी) गाडी असेल, तर ते कोष्टक अर्धंच कामाचं. एका पावसाळ्यात हजार किलोमीटरही न चाललेल्या गाडीचं डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा) पाण्याने खलास होऊ शकतं. त्यामुळे आपल्याकडे सर्व्हिसिंग हंगाम पाहून लावावं: खालचं काम पावसाळ्यानंतर, हवेचं काम हिवाळाभर आणि थंडाव्याचं काम होळीच्या आत.

काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. रिमच्या आतल्या बाजूला तिचा गोळा वाळला की हायवेवर ६०-७० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि मालक अलाइनमेंट करून घेतो. आधी चाक काढा, रिम आतून खरवडा. निम्म्या वेळा दुखणं तिथेच मिटतं. तीच माती चॅसीच्या पोकळीत, मडगार्डच्या काठावर आणि सस्पेन्शनच्या पाट्यांच्या शॅकलपाशी (पाटा चॅसीला जोडणाऱ्या कडीपाशी) आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवते. गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून गाडी त्याच दिवशी धुवा. आधी खालून भरपूर पाणी सोडून १५-२० मिनिटं भिजू द्या, मग धुवा. चॅसीला पाणी निथळायला भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. वॉशिंग सेंटरची गन ऑइल सील आणि क्रॉसपासून (चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यापासून) निदान फूटभर लांब ठेवायला सांगा, नाहीतर चिखल बाहेर निघण्याऐवजी सीलच्या आत जातो. आणि चिखलावरूनच अँटी-रस्ट कोटिंग मारणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. आत कोंडलेली ओल पत्रा आणखी लवकर खाते.

ग्रीसिंग नेहमी धुतल्यानंतर. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस आणि स्लिप जॉइंट, जिथे निपल असेल तिथे आधी निपल पुसा, मग गन लावा. क्रॉसच्या चारही टोप्यांतून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारायचा. तीनच टोप्यांतून आलं तर चौथी कोरडी आहे, आणि तुटेल ती तीच. गिअर टाकताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडताना खालून ‘टक्’ आवाज येत असेल, तर क्रॉस हाताने उलटसुलट फिरवून खेळ (ढिलेपणा) बघा.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग: अ‍ॅक्सलचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायचं छोटं तोंड. गाडी तासभर चालली की डिफरन्शियल हाउसिंग तापतं आणि आतली हवा प्रसरण पावून ब्रीदरमधून बाहेर जाते. तशीच गाडी थंड पाण्याच्या नाल्यात घातली की हाउसिंग एकदम गार होतं, हवा आकुंचते आणि आत ओढ तयार होते. ब्रीदर चिखलाने बंद असेल, तर ही ओढ सीलच्या ओठांतून पाणी खेचते. उघडा असून पाण्याखाली असेल, तर सरळ ब्रीदरमधून. उपाय स्वस्त आहे: ब्रीदरला ऑइल चालेल असा रबरी पाइप जोडून तो इंजिन बेमध्ये उंच न्यायचा आणि त्याचं तोंड खाली वळवायचं. मागच्या अ‍ॅक्सलचा पाइप सस्पेन्शन पूर्ण खाली लटकलं तरी ताणला जाणार नाही इतका सैल ठेवा.

पाणी शिरलंय का, हे फिलर प्लग उघडून बोट घातलं की कळतं. ऑइल दुधट, चहाच्या रंगाचं झालं असेल तर ताबडतोब बदला. तशा ऑइलमध्ये बेअरिंगवर गंजाचे डाग पडतात आणि मग घरघर सुरू होते. बदलताना आधी फिलर प्लग सोडवा, मगच ड्रेन प्लग. खालून ऑइल काढून टाकलं आणि वरचा प्लग जाम निघाला, तर गाडी तिथेच उभी. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर करड्या लेपासारखी बारीक भुकटी असणं ठीक. नखाला टोचेल असा तुकडा असेल तर क्राउन-पिनियन (डिफरन्शियलचे मुख्य गिअर) उघडून बघावं लागेल. भरताना गाडी सपाट जागी हवी, ऑइल फिलरच्या भोकातून ओघळू लागलं की पुरे. डिफरन्शियलला साधारणपणे जीएल-५ ग्रेडचं, ८०डब्ल्यू-९० किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं ऑइल. उरलं म्हणून तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नका. कित्येक गिअरबॉक्सना पितळी सिंक्रो रिंग (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या कड्या) असतात आणि त्यांना जीएल-४ लागतं.

धुळीचं गणित वेगळं. ऑक्टोबरला जंगलाची गेटं उघडली की मुरमाच्या रस्त्यांवर पुढच्या गाडीची धूळ थेट फिल्टरमध्ये. एअर फिल्टर जमिनीवर आपटून झटकायची सवय मोडा, कागदाच्या घड्या फाटतात. हवा आतून बाहेर मारायची, ३० पीएसआयच्या आत. ओला झालेला फिल्टर वाळवून परत लावायचा नाही. बसवल्यावर फिल्टरपुढच्या, म्हणजे इंजिनकडच्या पाइपमध्ये पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर धूळ आली तर फिल्टर कितीही नवा असो, कडेने गळतोय. ही धूळ रिंग आणि लायनर घासते आणि मग गाडी ऑइल खायला लागते.

डिसेंबरपर्यंत वाळलेल्या गवताची कुसळं एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतात. समोरून जाळी स्वच्छ दिसते, म्हणून कुणी बघत नाही. मे महिन्यात लो-रेंजमध्ये (कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) तापमानाचा काटा चढला की शोधाशोध. पाणी इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या नळीने मारा, जोराच्या फवाऱ्याने फिन वाकतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी नको, आत क्षार धरतात. व्हिस्कस फॅन (आतल्या द्रवाच्या पकडीवर फिरणारा रेडिएटरचा पंखा) असेल तर गार, बंद इंजिनवर हाताने झटका द्या: तीन-चार फेरे सहज फिरत राहिला तर त्यातला द्रव गेलाय. नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत) सावकाश चढ चढताना हवा त्याच्याच जोरावर मिळते.

टायरची हवा उन्हाळ्यात सकाळी, गार टायरवरच मोजा. दर ५-६ अंशाला साधारण १ पीएसआय वाढतो, तेव्हा दुपारी वाढलेली दिसली म्हणून काढून टाकू नका. चिखलात-वाळूत १८-२० पर्यंत उतरवली असेल तर डांबरावर यायच्या आत परत भरा. कॉम्प्रेसर जवळ नसेल तर उतरवूच नका.

महिन्यातून एकदा फोर-हाय आणि फोर-लो (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या आणि लो-रेंज गिअरमध्ये) लावून मुरमाच्या रस्त्यावर दोन-चार किलोमीटर चालवा, नाहीतर लिंकेज आणि अ‍ॅक्च्युएटर ऐन चिखलात जाम निघतात. या गाड्यांच्या पार्ट-टाइम फोर-बाय-फोरला कोरड्या डांबरावर फोर-हाय मात्र कधीच नको: वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, घसरायला जागा नसल्याने शाफ्टमध्ये पीळ बसतो. लिव्हर निघत नसेल तर सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो.

सफारीत चाललेली जुनी जिप्सी घेणाऱ्यांनी पुढच्या चाकामागचा नकलचा (चाक ज्यावर वळतं त्या सांध्याचा) गोळा आधी बघावा. तिथून पातळ काळं ऑइल ओघळत असेल तर ते ग्रीस नव्हे. आतलं अ‍ॅक्सल सील गेलंय आणि डिफरन्शियलचं ऑइल नकलमध्ये येऊन ग्रीस पातळ करतंय. विकणारा गोळा पुसून ठेवतो, तेव्हा १० किलोमीटर चालवून मगच खाली वाका. जॅकवर चाक उचलून वर-खाली हलवा. व्हील बेअरिंग घट्ट असूनही खेळ असेल तर किंगपिन बेअरिंग (नकल ज्यावर वळतो ते) गेलंय, आणि त्याने स्टिअरिंगला येणारी थरथर नवा स्टिअरिंग डँपर टाकून थांबणार नाही. पाट्यांचे यू-बोल्ट नवे घातले असतील तर ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या.