बत्तीस फेऱ्या

आमचं घर स्वित्झर्लंडमधल्या बुख्सला, नोकरी लिख्टेनस्टाइनमध्ये. सकाळी बसने ऱ्हाईन ओलांडली की देश बदलतो, पासपोर्ट कुणी विचारत नाही. परवा आईला फोनवर लिख्टेनस्टाइनच्या ज्युलिया हासलर या जलतरणपटूबद्दल सांगत होते, तर तिचा पहिला प्रश्न, "ऑलिम्पिकचं मेडल मिळालं का गं तिला?" नाही म्हटल्यावर, "मग एवढं काय कौतुक?" फोनवर मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

लिख्टेनस्टाइन जेमतेम १६० चौरस किलोमीटरचा देश. लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. समुद्र नाहीच, शेजारच्या दोन्ही देशांनाही नाही. इथला खेळ म्हणजे बर्फावरचा. ऑलिम्पिकची दहाच्या दहा पदकं स्कीइंगची. १९८० साली हान्नी वेन्झेलने दोन सुवर्णपदकं आणली, ते नाव इथे अजून अभिमानाने घेतात. अशा ठिकाणी एक मुलगी लांब पल्ल्याची फ्रीस्टाइल निवडते, हेच मला फार मोठं वाटतं.

२०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ज्युलिया ४०० आणि ८०० मीटर पोहली, वय १९. देशाचं अख्खं पथक तीन खेळाडूंचं. २०१६ला रिओतही तिघंच, आणि झेंडा ज्युलियाच्या हातात. टोकियोत बायकांची १५०० मीटर शर्यत ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच झाली, त्यातही ती उतरली. या तिन्ही वेळी ८०० मीटरचं सुवर्ण अमेरिकेच्या केटी लेडेकीचं. रिओत लेडेकीची वेळ होती ८ मिनिटं ४.७९ सेकंद. त्या वेगापुढे बाकीच्यांनी करायचं काय? आपल्या घड्याळाशी झुंजायचं. छोट्या देशांच्या युरोपीय स्पर्धा १९८५पासून होतात, २०११ला त्या इथेच भरल्या होत्या. तिथे मात्र ज्युलिया पदकं घ्यायची.

लांब पल्ल्याला आपल्याच वेगाचा कुणीतरी शेजारच्या लेनमध्ये लागतो, नाहीतर सराव एकट्याने रेटावा लागतो. चाळीस हजारांत असा जोडीदार शोधायचा कुठे, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

लांब पल्ल्याचं हे एकटेपण कळायला मला लेकीच्या क्लबची स्पर्धा कारणीभूत झाली. तिथे फेऱ्यांचा आकडा दाखवायचं काम माझ्याकडे होतं. पंचवीस मीटरचा तलाव, ८०० मीटर म्हणजे ३२ फेऱ्या. पलीकडच्या टोकाला ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसायचं आणि पोहणारी वळायला आली की राहिलेल्या फेऱ्यांचा आकडा पाण्यात धरायचा: ३१, २९, २७... मध्ये कुठेतरी माझाच आकडा चुकतोय की काय, म्हणून छातीत धडधडत होतं. पोरगी वळताना क्षणभरच दिसते: गॉगलमागचे डोळे, उघडं तोंड, की गेली!

माझ्या लेनमधली मुलगी शेवटची होती. बाकीच्या टॉवेल गुंडाळून काठावर उभ्या होत्या, एकही हलली नाही.

मी ३चा आकडा बुडवला. ती गेली, परत आली. मग १. तिने मान किंचित वळवून तो पाहिला आणि पायांनी एवढं पाणी उडवलं की माझा कुर्ता खांद्यापर्यंत भिजला.

आई, पुढच्या वेळी तू इथे आलीस की तो आकडा तुझ्या हातात देईन.