खड्डा बघायला येणारा माणूस

अमेरिकेत मिशिगनमध्ये घरामागे डेक, म्हणजे लाकडी ओटा, बांधायचा असेल तर नगरपालिकेचा माणूस आधी तुमचे खांबांच्या पायाचे खड्डे बघायला येतो. रिकामे खड्डे. त्याने बघून परवान्याच्या कार्डावर सही केल्याशिवाय त्यात काँक्रीट ओतता येत नाही. गेल्या उन्हाळ्यात मी डेक बांधला आणि तेव्हापासून फोनवर जो भेटेल त्याला मी हे खड्ड्याचंच सांगतोय. पुण्याच्या मित्रांना त्यात एवढं काय आहे ते कळत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात कंत्राटदारांकडून दर मागवण्यापासून झाली. वीस हजार डॉलरच्या आसपास आकडे आले आणि तारीख पुढच्या वर्षीची. शेजारचे आजोबा मोटारींच्या कारखान्यात टूल अँड डायच्या, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या खात्यात आयुष्य काढलेले. ते म्हणाले, तू स्वतः का बांधत नाहीस? मला वाटलं, लायसन्स लागत असेल. नगरपालिकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "कंत्राटदार कोण?" म्हटलं, "मीच." त्यांनी दुसरा फॉर्म पुढे सरकवला. राहतं घर माझं आहे आणि काम मी स्वतः करणार आहे एवढं प्रतिज्ञापत्र, सोबत एक नकाशा. आलेखाच्या कागदावर पेन्सिलने काढलेला नकाशा चालला. आर्किटेक्टचा शिक्का नाही, इंजिनिअरची सही नाही. खांब किती अंतरावर, जॉइस्ट, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या तुळया, कोणत्या मापाचे, घराला जोड कशाने देणार, हे मात्र बारकाईने विचारलं आणि एके ठिकाणी बोल्टमधलं अंतर लाल पेनाने लिहून दिलं.

खणण्याआधी 811 ला फोन करायचा, म्हणजे जमिनीखालून काय काय गेलंय त्याची खूण करून मिळते. तो फोन फुकट, खूणही फुकट. तीन कामाचे दिवस गेले की अंगणात रंगीत रेघा आणि छोटी निशाणं दिसतात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी टेलिफोन आणि इंटरनेटची केबल, निळा पाणी, हिरवा सांडपाणी. आपल्या गवताखालून एवढं सगळं गेलेलं आहे हे बघून मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. पुण्यात आमच्या गल्लीत एकाच रस्त्याचं पोट चार खात्यांनी चार वेळा फाडलेलं बघत मी मोठा झालो. त्यावर जास्त बोलत नाही, वाचणाऱ्यांना ते पाठ आहे.

आता खड्डा. खोली 42 इंच, म्हणजे साडेतीन फूट. जमिनीपासून गुडघ्याएवढा उंच डेक, त्याला साडेतीन फूट पाया कशाला? तर थंडीसाठी. इथली माती चिकण आहे, पाणी धरून ठेवते. थंडीत ते पाणी वरून खाली गोठत जातं, फुगतं, आणि खालचं पाणी ओढून घेत बर्फाचे थर वाढवत नेतं. पाया उथळ असेल तर हा बर्फ त्याला उचलतो, वसंतात वितळला की पाया खाली बसतो, पण आधीच्या जागी बसत नाही. चार हिवाळ्यांत खांब वेडेवाकडे होतात, एक कोपरा वर येतो, घराला जोडलेली फळी उचकटते. 42 इंचाखाली इथे जमीन गोठत नाही असं धरलेलं आहे. म्हणून पायाचा तळ त्याच्या खाली.

कोकणात लाकूड जमिनीत पुरायचं नाही हे आम्हाला वाळवीमुळे माहीत. अंगणातल्या मांडवाचे खांब दिवाळीच्या सुमाराला रोवायचे आणि पावसाआधी उपटून पडवीत रचायचे. इथे तीच काळजी बर्फासाठी. कारण वेगळं, पण जमीन लाकडाशी काय करते याचा विचार आमच्या आजोबांनीही केलेला होता. हे मुद्दाम लिहितोय, कारण "इथली माणसं हाताने सगळं करतात, आपल्याला सवय नाही" असं आपलीच मंडळी पार्टीत म्हणतात आणि मला ते सहन होत नाही. गडगे रचणारे, झाप विणणारे, दरवर्षी कौलांवर चढून शाकारणी करणारे आमचेच लोक. माझ्या आजीने आयुष्यभर स्वतःची जमीन स्वतः चोपली आणि सारवली. हाताने घर सांभाळणं आम्हाला कुणी नव्याने शिकवायला नको.

तर खड्डे खणले. भाड्याने आणलेलं ऑगर, म्हणजे खड्डे पाडायचं यंत्र, चिकणमातीत अडकतं, तेव्हा शेवटचा फूट-दीड फूट हाताने. शेजारचे आजोबा स्वतःचं पोस्टहोल डिगर, म्हणजे खांबाचे खड्डे खणायचं हत्यार, घेऊन आले, सत्तरी ओलांडलेला माणूस, मी नको नको म्हणत असताना दोन खड्ड्यांचा तळ त्यांनीच साफ केला.

इन्स्पेक्टर सकाळी आला. पन्नाशीचा, चिखलाचे बूट, हातात टेप आणि टॉर्च. मला वाटलं होतं, वरून एक नजर टाकेल. तो पहिल्या खड्ड्यापाशी गुडघ्यावर बसला, टॉर्च आत धरली आणि टेप सोडला. 43 इंच. मान डोलावली. दुसरा बरोबर. तिसऱ्यापाशी मात्र थांबला. रात्री पाऊस झाला होता आणि कडेची थोडी माती तळाला पडली होती. माप भरत होतं, तरी त्याने टेपचं टोक दाबून दाखवलं, ते अर्धा इंच रुतलं. म्हणाला, काँक्रीट न हललेल्या मातीवर बसलं पाहिजे, भुसभुशीत मातीवर बसलं तर वजन आलं की ते खचणार. "एवढं काढ, मी थांबतो." आणि तो खरंच थांबला. मी डिगर घातला, माती काढली, त्याने परत टॉर्च मारली, टेप दाबला, आणि मग उरलेले खड्डे बघून सही केली. जाताना घराच्या भिंतीकडे बोट करून म्हणाला, जोडफळीच्या वर पत्र्याची पट्टी नीट वाकवून घाल, डेक कुजतात ते तिथूनच.

हा माणूस मला ओळखत नव्हता. माझ्याकडून त्याला काही मिळणार नव्हतं, आणि ती अपेक्षा त्याच्या वागण्यात कुठे दिसलीही नाही. एका परक्या देशातून आलेल्या, पहिल्यांदा डेक बांधणाऱ्या माणसाच्या खड्ड्याच्या तळाशी माती घट्ट आहे का, हे बघायला तो ओल्या गवतात गुडघे टेकून बसला. मला त्या क्षणी फार आदर वाटला, आणि लगेच मागोमाग राग आला. महाड आठवलं. 24 ऑगस्ट 2020 ला तिथली पाच मजली इमारत कोसळली, 16 माणसं गेली. माझं आजोळ त्याच बाजूचं. त्या रात्री आम्ही इथे जागे राहून फोन करत होतो. एवढ्या मोठ्या इमारतीपुढे माझा डेक म्हणजे काहीच नाही हे मला कळतं. पण गुडघाभर उंचीच्या लाकडी ओट्यासाठी इथे कुणीतरी टॉर्च घेऊन येतो, आणि माणसं झोपतात त्या घरांच्या पायात आमच्याकडे कुणी डोकावलं होतं का, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

इथले नियमही काही आकाशातून पडलेले नाहीत. शिकागोत 29 जून 2003 च्या रात्री एका पार्टीत इमारतीमागचे लाकडी सज्जे एकावर एक कोसळले आणि 13 तरुण मुलं-मुली मेली. घराला जोडणारी फळी नुसत्या खिळ्यांवर लटकवू नये, तिला आरपार बोल्ट किंवा जाड लॅग स्क्रूच हवेत, ते कुठे आणि किती अंतरावर, याचे तक्ते आज छापलेले आहेत. कुणीही घरबसल्या वाचावेत, हवे तर छापून गॅरेजमध्ये लावावेत. भारतातही नॅशनल बिल्डिंग कोड आहे, 2016 ची आवृत्ती चांगली जाडजूड आहे, त्यात ज्ञान कमी नाही. पण तो गवंड्याच्या हातात कधी पडलेला मी पाहिला नाही आणि घरमालकाच्या तर नाहीच.

लाकडाबद्दल थोडंसं. इथे दोन बाय चार म्हटलं की प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच मिळतं, कारण ओलं कापून, वाळवून, रंधून शेवटी तेवढंच उरतं. पण ते सगळीकडे तेवढंच उरतं, आणि त्यावर बाकी सगळं बेतलेलं. जॉइस्ट सोळा इंचावर, त्यांना धरणारे पत्र्याचे हँगर त्याच मापाचे, टेपवरही दर सोळा इंचाला वेगळी खूण. जमिनीजवळचं लाकूड औषध मुरवलेलं घ्यायचं. पूर्वी त्यात आर्सेनिक असायचं, 2003 संपता संपता घरगुती लाकडातून ते गेलं. आता तांबं असतं, आणि तांबं साध्या खिळ्याला खातं, म्हणून खिळे-स्क्रू जाड जस्त चढवलेले किंवा स्टेनलेस स्टीलचेच हवेत. हे शेल्फवरच लिहिलेलं असतं. नवख्या माणसाचं निम्मं काम दुकानानेच केलेलं असतं. इंच आणि सुतात वाढलेल्या मला इथला टेप पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला, आठ सुतांचा इंच इथे प्रत्येक टेपवर छापलेलाच आहे.

हे सगळं कुठून आलं याचा शोध घेताना बे सिटीची अलॅडिन कंपनी सापडली. आमच्या घरापासून दोनेक तासांवर. 1906 पासून ही कंपनी अख्खं घर मापात कापून, तुकड्यांवर आकडे घालून, खिळ्यांसकट रेल्वेच्या डब्यातून पाठवायची आणि लोक ते स्वतः उभं करायचे. सीडरच्या बाहेरच्या फळ्यांत गाठ दाखवा आणि गाठीमागे एक डॉलर घ्या, अशी त्यांची जाहिरात होती. 1981 पर्यंत ते घरं विकत होते. तेव्हा शेजारचे आजोबा दुकानातून लाकूड आणून सहज डेक बांधतात त्यामागे शंभर वर्षांचं कापून तयार ठेवलेलं लाकूड आहे. आपल्याकडे ते काम सुतार दारात बसून करायचा. रंधा, पटाशी, गिरमिट घेऊन यायचा आणि आपल्या चौकटीच्या मापाचं दार आपल्या अंगणात बनवायचा. त्याच्या हाताला मापात कापलेल्या लाकडाची गरज नव्हती. आम्ही हातात करवत धरली नाही ती आळसामुळे, असं कुणी म्हणू नये. ते दुसऱ्याच्या पोटाचं काम होतं आणि ते त्याचं त्याला द्यायचं असा रिवाज होता. त्या रिवाजात जातीची कुंपणं होती, तेही खरं, आणि त्यांचं मी समर्थन करणार नाही.

मेस्त्रीकाकांची एक गोष्ट मात्र मी इथे वापरली आणि तिचा मला अभिमान आहे. सगळ्या खांबांची पातळी एक करायला इथे लोक लेझर आणतात. मी हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक नळी आणली, पाणी भरलं, हवेचे बुडबुडे काढले, एक टोक बायकोच्या हातात आणि एक माझ्या. दोन्हीकडे पाणी थांबलं तिथे पेन्सिलची रेघ. चिपळूणजवळ आमचं घर बांधताना मेस्त्रीकाका असंच करायचे, त्यांची नळी धरायचं काम माझं असायचं. काटकोनही त्यांच्याच पद्धतीने, तीन-चार-पाच बाजूंच्या त्रिकोणाने. आजोबांनी स्वतःचं लेझर आणून ताडून बघितलं. रेघा जुळल्या. त्यांनी माझ्याकडून नळीचं तंत्र नीट समजून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या शेडला लावून बघितलं.

एक चीड नोंदवून ठेवतो. नगरपालिकेने विश्वासाने परवानगी दिली, पण वसाहतीच्या संघटनेने डेकच्या रंगासाठी पाच आठवडे लावले. तपकिरीच्या दोन छटांत निवड करायला एवढा वेळ. खड्ड्याच्या तळाची माती तपासणं मला समजतं. मागच्या अंगणात, कुणाला न दिसणाऱ्या फळीच्या रंगासाठी पत्रव्यवहार मला समजत नाही, आणि असल्या गोष्टी इथेही भरपूर आहेत हे घरच्यांनी लक्षात ठेवावं.

शेवटच्या तपासणीला तोच इन्स्पेक्टर आला. आमचा उतार असल्यामुळे एका बाजूने डेक जमिनीपासून तीस इंचांहून उंच आहे, म्हणून तिथे कठडा सक्तीचा, 36 इंच उंच, आणि दोन गजांमधून चार इंचांचा गोळा जाता कामा नये. लहान मुलाचं डोकं अडकू नये हा हिशेब. त्याने कठड्याला अंगाचा भार देऊन ढकललं, पायरीची उंची मोजली, खाली वाकून प्रत्येक हँगरचे खिळे बघितले. पत्र्याची पट्टी बघून "छान" म्हणाला. कार्डावर सही केली.

अण्णांना व्हिडिओवर डेक दाखवला तेव्हा त्यांनी फळ्यांकडे बघितलंसुद्धा नाही. "पाया किती घेतलास?" म्हणाले. साडेतीन फूट म्हटल्यावर त्यांनी मेस्त्रीकाकांच्या मुलाला फोन लावून दिला आणि आम्ही तिघे अर्धा तास त्यावरच बोललो. त्याच्या हातात सध्या गुहागरकडे एका घराचं काम आहे. डेकच्या जोडफळीचे तक्ते त्याला उपयोगाचे नाहीत, पण खड्ड्यात भुसभुशीत माती राहिली आहे का ते टेप दाबून बघायची पद्धत त्याने विचारून घेतली. मालकाला खड्डे भरण्याआधी बोलावून दाखवीन म्हणाला.

ऑक्टोबरपासून तळघराचं काम सुरू करतोय. वायरिंगचाही परवाना घरमालकाला मिळतो, पण ते काम स्वतःच केलं पाहिजे आणि भिंती बंद करण्याआधी वायर उघडी दाखवली पाहिजे. ज्यांना डेकचा पेन्सिलचा नकाशा हवा आहे त्यांनी कळवा, पाठवतो.