हवा साडेसात किलो, तरी ब्रेकची लाल लाइट

साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा संपला की उतार आणि एस वळण. तिथे ब्रेकवर पाय असतानाच हवा कमी असल्याची लाल लाइट लुकलुकायला लागली, बझरही अधूनमधून वाजे. गाडी २००९ ची, सहाचाकी, एअर ब्रेकची. गेजच्या दोन्ही सुया (एक पुढच्या ब्रेकची, एक मागच्या) साडेसात किलोवर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेसात किलो दाब. आता खोटं कोण बोलतंय, गेज की लाइट? हे ठरल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नये.

सपाट जागी चाकांना पुढून-मागून ओटी, म्हणजे अडवायचे ठोकळे, लावली. इंजिन चालू ठेवून हवा भरली. आठच्या आसपास अनलोडरने, म्हणजे जास्तीची हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हने, फुस्स केलं, म्हणजे कंप्रेसर हवा नीट भरतोय. सर्व्हिस पोर्टला दुसरं गेज लावून पाहिलं तर आकडा तोच. गेज खरं निघालं.

मग वायरिंग. पुढच्या आणि मागच्या सर्किटला एकेक प्रेशर स्विच असतो. हवा साधारण साडेचार-पाच किलोच्या खाली गेली की आतले पॉइंट जुळतात, वायरला अर्थ (गाडीच्या बॉडीशी जोड) मिळतो आणि लाइट लागते. दोन्ही स्विच एकाच लाइटला जोडलेले. म्हणून दोन्हीच्या वायरी काढल्या आणि चावी चालू ठेवून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने हलवला. स्विच जोडलेलेच नाहीत, तरी लाइट लुकलुकली! चेसिसच्या कडेला एक क्लिप तुटली होती आणि तिथे वायर घासून तांबं उघडं पडलं होतं. धक्का बसला की अर्थ. तेवढा तुकडा बदलला, स्लीव्ह चढवली, नवी क्लिप मारली.

बहुतेक जण इथेच थांबतात. काही तर त्याआधीच बझरची वायर तोडून मोकळे होतात, त्याला काय म्हणावं! हवा कमी झाल्यावर लाइट लागते की नाही, हे पाहणं राहिलेलं असतं. पुढच्या स्विचची वायर काढून ठेवली, मागची जोडली. इंजिन बंद, चावी चालू, आणि पॅडल मारत हवा उतरवली. पाच, चार, तीन... लाइट नाहीच. उलट केलं, पुढची जोडून मागची काढली, तर पावणेपाचला लागली. म्हणजे मागचा स्विच मुका. तो खोलला तर आट्यांवर टेफ्लॉन टेपचे सात-आठ वेढे. हा स्विच एकाच टर्मिनलचा, अर्थ बॉडीतूनच घेतो. टेप जास्त झाली की अर्थ तुटतो. टेप खरवडली, नवा कॉपर वॉशर घालून बसवला. आता तोही पाचच्या जरा खाली लाइट लावतो.

याच चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली. हवा पुन्हा पूर्ण भरली, इंजिन बंद केलं आणि पॅडल दाबून धरलं. पहिल्या दाबाला सुई थोडी उतरते, ते चालतं, पण मग ती थांबली पाहिजे. पुढची सुई तीन मिनिटांत सातवरून पाच पॉइंट आठवर आली. पॅडल सोडल्यावर मात्र जागेवर. गळती फक्त दाबल्यावर होत असेल तर टाकी सोडून बूस्टर (हवेच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणारे डबे) आणि त्यांचे होज बघायचे. पॅडल आणि सीटच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवला, बूस्टरवर साबणाचं पाणी ओतलं. डावीकडच्या पुढच्या बूस्टरच्या क्लॅम्पखाली तांदळाएवढे बुडबुडे. डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, गेला होता.

ओटी तशीच ठेवून टाक्यांचे ड्रेन उघडून हवा शून्यावर आणली. क्लॅम्पची जागा खडूने आखून घेतली, म्हणजे होजचं तोंड वाकडं बसत नाही. नवा डायफ्राम बूस्टरवरचा नंबर बघून घेतला, कडा पुसून कोरड्या केल्या, दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळले आणि मध्ये क्लॅम्पला हातोडीने हलके ठोके दिले. उजवीकडचाही लगेच बदलला, वय दोघांचं एकच. मागच्या चाकांच्या डबल बूस्टरला मात्र पान्हा लावू नका. त्यातली स्प्रिंग दाबलेली असते, क्लॅम्प सुटला तर जीव जाईल.

ड्रेनमधून पाण्याबरोबर दुधाळ तेल आलं. कंप्रेसरच्या रिंगा तेल सोडताहेत. ते काम पुढच्या खेपेला.