दहाव्याला तरी यायचं होतं

अमळनेरच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, कानबाईच्या रोटांना, जिथे चार भाऊबंद जमतात तिथे हे वाक्य येतंच. अप्पा वारले तेव्हा त्यांचा थोरला मुलगा अटलांटिकमध्ये शिडाच्या बोटीवर होता, आणि मागे फिरला नाही. का? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

आधी एक. ती मौजेची सहल नव्हती. १९८६पासून दर नोव्हेंबरात कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून बोटींचा ताफा निघतो आणि १९९०पासून तो कॅरिबियनमधल्या सेंट लुसियाला पोचतो. सुमारे २,७०० सागरी मैल, म्हणजे पाच हजार किलोमीटर. चक्रीवादळांचा मोसम तेव्हा सरत आलेला असतो आणि ईशान्येचे व्यापारी वारे मिळतात, म्हणून नोव्हेंबर. आपल्याकडे नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी. "वेचणी मी बघतो, तू जा," हे अप्पाच म्हणाले होते. हे कुणी लक्षात ठेवत नाही.

निम्म्याहून जास्त अंतर कापलं होतं. माझी रात्रीची पाळी संपली, हार्नेसचा, म्हणजे बोटीला बांधून घ्यायच्या पट्ट्याचा, हूक काढत होतो, तेवढ्यात कॅप्टन वर आला. सॅटेलाइट फोनवर धाकट्याचा निरोप होता: अप्पा गेले, दुपारी नेतोय. कॅप्टनने नकाशा पसरला आणि म्हणाला, "तू सांग, बोट फिरवतो." वारा पाठीमागून जोराचा. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जातच नाही, नागमोडी जावं लागतं, समोरून लाटा झेलत. डिझेल काही शे मैलांपुरतं. एवढ्या आत हेलिकॉप्टर पोचत नाही. फिरलो असतो तर तेरावाही रस्त्यातच गेला असता. मी धाकट्याला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "दादा, मी लोकेसले काय सांगू?" आणि लाइन तुटली.

पुढची पाळी सोबत्यांनी आपसांत वाटून घेतली होती. मी ऐकलं नाही. धाकटा अग्नी देत होता तेव्हा मी सुकाणूवर होतो. कंपास बघत होतो, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं. रडू आलं नाही. ते सेंट लुसियाच्या धक्क्यावर आलं, अनोळखी लोक टाळ्या वाजवून स्वागत करत असताना.

इतकी वर्षं मी वाऱ्याचंच कारण सांगत आलो. ते खरंच आहे, कुठल्याही दर्यावर्दीला विचारा. पण वारा परतीचा असता तर फिरलो असतो का? तेव्हाचा मी छातीठोकपणे हो म्हणायचा. आता मी त्याला विचारतो: मग कॅप्टनने नकाशा उलगडायच्या आतच तुझ्या तोंडून "पुढेच चला" कसं निघालं? तो म्हणतो, वारा मला आधीच ठाऊक होता. हेही पटतं. रात्री पटतं, सकाळी पटत नाही.

मी शेतात असतो तर अप्पा वाचले असते, असंही काही जण म्हणतात. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला. त्यापुढचं उत्तर माझ्याकडे मागू नका. हा प्रश्न आईने आजवर केलेला नाही, आणि तिच्या गप्प राहण्यावरून कुणी माझा निवाडाही करू नका.

त्याच कॅप्टनने येत्या नोव्हेंबरसाठी बोलावलंय. मी हो म्हटलंय. वेचणी धाकटा बघणार आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर दिवाळीच्या आत घरी या, त्याला वाटेत गाठू नका.