एक गुंठा, एक ठिपका

पुण्यात मी उपग्रहाची चित्रं वाचायचं काम करतो. गावाकडं कुणी विचारलं तर ‘कॉम्प्युटरवर ऊस बघतो’ असं सांगतो. ते बरंचसं खरंही आहे. कारखान्यांना आणि पीकविमावाल्यांना लागवड किती, वाढ कशी, तोड कुठवर आली हे आम्ही काढून देतो.

रोजचं काम चालतं ते युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांवर. चित्रं फुकट मिळतात आणि दर पाच दिवसांनी नवी येतात. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन, १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक गुंठा. एवढी सोय महसूल खात्यालाही जमली नसती. पलूसजवळ माझ्या मामांचं अडीच एकर रान आहे, म्हणजे १०० ठिपके. कंटाळा आला की मी ते उघडून बसतो.

आमच्या चित्रात चांगला ऊस लालभडक दिसतो. नवीन पोरांना ते वाळलेलं वाटतं. हिरवं पान डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण जोरात परतवतं आणि तो पट्टा आम्ही लाल रंगात दाखवतो. ही रीत शेतीतून आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाडपाल्याखाली लपवलेली लष्करी ठिकाणं ओळखायला इन्फ्रारेड फिल्म वापरली गेली. तोडलेली फांदी डोळ्यांना हिरवीच दिसते, पण फिल्मवर तिचं सोंग उघडं पडतं. तोडलेली फांदी आणि पाणी न मिळालेला ऊस यांची ओळख तशी एकाच तऱ्हेनं पटते.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात हे चित्र काही कामाचं राहिलं नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले आणि आमच्या पडद्यावर नुसते ढग. मग सेंटिनेल-१ या रडारच्या उपग्रहाचं चित्र उघडलं. रडारला ढगाचं आणि रात्रीचं सोयरसुतक नसतं. शांत पाण्यावरून त्याची लहर पलीकडं निसटते, परत येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. मामांचे १०० च्या १०० ठिपके काळे होते. फोन लागत नव्हता. त्या दिवशी मी हिशेब सोडून दुसरं काही केलं नाही, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

२६/११ नंतर आपण घाईनं जो रिसॅट-२ उपग्रह वर पाठवला (२० एप्रिल २००९), त्यात इस्रायलचं असंच रडार होतं. जाहीर केलं होतं आपत्ती व्यवस्थापनासाठी. खोटं नव्हतं ते. पूर दाखवणारं रडार सीमेवरची हालचालही दाखवतं, त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

खासगी कंपन्यांचं तर सगळं उघडच आहे. सप्टेंबर १९९९ मध्ये इकोनॉस हा अमेरिकी खासगी उपग्रह गेला आणि एक मीटरच्या ठिपक्याचं चित्र बाजारात विकत मिळू लागलं. त्याआधी नागरी उपग्रहांत आपल्या आयआरएस-१सी चे ५.८ मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी! आज वर्ल्डव्ह्यू-३ या खासगी उपग्रहाची नजर ३१ सेंटीमीटरची आहे, एका गुंठ्यात हजारभर ठिपके. प्लॅनेट कंपनीचे ८८ छोटे उपग्रह तर फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्याच पीएसएलव्हीनं एका फेरीत वर नेले.

पण चित्र विकत मिळतं म्हणजे ते आपलं झालं, असं नाही. २००१ मध्ये अमेरिकेनं इकोनॉसवर कायद्यानं बंदी घातली नाही, अफगाणिस्तानची सगळी चित्रं स्वतःच विकत घेऊन टाकली. कुलूपच, फक्त पैशाचं. मार्च २०२५ मध्ये युक्रेनला अमेरिकी सरकारच्या पोर्टलवरची मॅक्सार या खासगी कंपनीची चित्रं मिळायची बंद झाली, काही दिवसांनी पुन्हा सुरू झाली. नळ दुसऱ्याच्या अंगणात असला की असंच होतं. त्याच युक्रेनमध्ये २०२२ साली लोकांनी ड्रोनसाठी वर्गणी काढली होती. ड्रोन बनवणाऱ्या कंपनीनं ते फुकट दिले आणि त्या पैशातून एका प्रतिष्ठाननं सैन्यासाठी फिनलंडच्या आइसआय कंपनीची रडार चित्रं घेतली, वर एका उपग्रहाची चित्रं काढायची क्षमताच घेतली. वर्गणीतून उपग्रह! आमच्याकडं वर्गणीतून मंडपाचं भाडंही निघत नाही. या आइसआयचा पहिला उपग्रहही जानेवारी २०१८ मध्ये श्रीहरिकोट्याहूनच गेला होता.

मे २०२५ मध्ये आम्ही तासगावकडच्या द्राक्षबागांसाठी एका विक्रेत्याकडं बारीक ठिपक्यांचं ताजं चित्र मागवलं होतं. खरड छाटणीनंतरच्या फुटीचं. तारीख पुढं गेली, मग आणखी पुढं. कारण कुणी सांगितलं नाही, आम्ही खोदून विचारलं नाही. असे पुष्कळ उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमाराला उत्तरेकडून दक्षिणेकडं येतात. पंजाबवरून सांगलीवर यायला त्यांना चार-पाच मिनिटं पुरतात. कॅमेरा कुठं वळवायचा हे ज्याची गरज मोठी तो ठरवतो, आणि त्या आठवड्यात द्राक्षांची नव्हती. वर्तमानपत्रांत पाकिस्तानातल्या भोलारी हवाई तळावरच्या हँगरचं फुटलेलं छप्पर छापून आलं.

तेव्हा मामांचा फोन आला. मला वाटलं, सगळ्यांसारखं तेही विमानतळांचं विचारणार.

‘‘आरं, ते छपराचं भोक दिसतंय म्हंजे आपला बांध दिसंलच की.’’

शेजारची भावकी दरवर्षी बांध कोरते, हे घरातलं जुनं दुखणं. मी सांगितलं, माझ्याकडच्या ठिपक्यात अख्खा गुंठा मावतो, त्यात हातभर बांध दिसणार नाही. ३१ सेंटीमीटरवालं चित्र लागेल, जुनंही आणि नवंही.

‘‘मग घे की.’’

‘‘मामा, ते सुटं मिळत नाही. एका वेळी निदान २५ चौरस किलोमीटरचं घ्यावं लागतं. सहा हजार एकरांच्या वर.’’

पलीकडं थोडा वेळ फक्त मोटरीचा आवाज.

‘‘सहा हजारात आख्खं गाव बसंल की रं,’’ मामा म्हणाले. ‘‘थांब, वर्गणी काढतो.’’