मांद्र्याच्या घराची डागडुजी: बिजागऱ्या, नळ आणि पितळेचे तीन रंग

गोव्यात पेडणे तालुक्यातील मांद्रे गावातले आमचे घर चिऱ्याचे, मंगळुरी कौलांचे आणि तांबड्या जमिनीचे आहे. समुद्र पायी दहा मिनिटांवर असल्यामुळे दुपारचा वारा सुटला की खिडकीच्या गजांवर हात ठेवताच तळवा चिकट होतो. गेल्या वर्षी दोन न्हाणीघरे, स्वयंपाकघर आणि सगळी दारे-खिडक्या एकदाच दुरुस्त करून घ्यायच्या असे आम्ही ठरवले, आणि चतुर्थीपूर्वी काम संपले पाहिजे एवढी एकच अट आईने घातली. भिंती, फरशा आणि वायरिंग झाले की शेवटी म्हापशाला एक फेरी मारून नळ, कड्या आणि हँडले घेऊन यायची, असा माझा समज होता. तो पहिल्याच आठवड्यात प्लंबरने मोडला.

शॉवरचा डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा भाग, कोणत्या कंपनीचा घेणार, असे त्याने विचारले. मी म्हटले, ते शेवटी बघू. तो म्हणाला, “मग भिंतही शेवटीच फोडूया, भाऊ.” त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. भिंतीत गाडल्या जाणाऱ्या डायव्हर्टरचे दोन भाग असतात: आत राहणारी पितळी बॉडी आणि बाहेर दिसणारी चकती व मूठ. एका कंपनीच्या बॉडीवर दुसऱ्या कंपनीची मूठ बसत नाही, आणि बॉडीवरच्या प्लास्टिकच्या टोपीवर कमाल व किमान खोलीच्या खुणा असतात, ज्यांच्या दरम्यान फरशीचा पृष्ठभाग यावा लागतो. म्हणजे प्लास्टर किती जाड, फरशी किती जाड आणि ती सिमेंटवर बसणार की चिकटद्रव्यावर, हे सगळे ठरल्याशिवाय बॉडी बसवता येत नाही. आमच्या जुन्या भिंती कुठेच ओळंब्यात नसल्यामुळे एका कोपऱ्यात प्लास्टर बोटभर जाड झाले आणि बॉडी खोल गेली. ती पुन्हा काढून बसवावी लागली. नळाचा आकार आणि रंग हा सर्वांत शेवटी दिसणारा निर्णय सर्वांत आधी घ्यावा लागतो, हे तेव्हा नीट कळले. त्या रात्रीच मी एका वहीत खोलीवार यादी केली, आणि प्रत्येक वस्तूपुढे ती भिंतीच्या आत जाणार, फरशीनंतर बसणार की रंगकामानंतर, एवढेच लिहिले. कमोडचा ट्रॅप जमिनीत जाणार की भिंतीत, हा प्रश्नही याच यादीमुळे वेळेवर सुटला.

धातूंच्या बाबतीत मात्र आमच्या आवडीनिवडीला फारसे स्थान नव्हते; खाऱ्या वाऱ्यानेच बरेचसे ठरवले. दुकानात ‘स्टेनलेस स्टील’ म्हणून जे मिळते त्याच्या निरनिराळ्या प्रती असतात. 304 प्रतीत साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. 316 प्रतीत त्याशिवाय 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असते आणि त्यामुळेच मिठाने पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना ती अधिक तोंड देते. स्वस्त 202 प्रतीत निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेले असते आणि ती समुद्राजवळ लवकर डागाळते. काही दुकानदार लोहचुंबक लावून माल पारखून दाखवतात. पण या तिन्ही प्रतींना चुंबक जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे त्या प्रयोगाने केवळ साधे लोखंड ओळखता येते. आम्ही बाहेरच्या खिडक्यांच्या कड्या, स्क्रू आणि ओसरीवरच्या बिजागऱ्या 316च्या घेतल्या, आतल्या कोरड्या खोल्यांत 304वर भागवले. जस्ताच्या मिश्रधातूवर मुलामा चढवलेली हलकी हँडले कितीही देखणी असली तरी मी टाळली, कारण शेजारच्या घरात दोन पावसाळ्यांत त्यांच्यावर फोड आलेले मी पाहिले होते. आणखी एक साधी गोष्ट सुताराने शिकवली: पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू लावू नये. ओलावा मिळाला की दोन धातूंपैकी लोखंड आधी झिजते आणि बिजागरी शाबूत असताना दार मात्र खाली येते.

आता माझ्या चुकीविषयी लिहिले पाहिजे. फरशा बसल्यावर त्यांच्यावर राहिलेले सिमेंटचे डाग गवंडी पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतात. एका न्हाणीघरात हे धुणे नळ बसवण्यापूर्वी झाले. दुसऱ्या न्हाणीघरात पाहुणे येणार म्हणून मी घाई केली, नळ आणि टॉवेलची दांडी आधी बसवून घेतली आणि मग धुण्याचे काम करू दिले. रात्रभर दार बंद राहिले. सकाळी दांडीवर आणि निचऱ्याच्या जाळीवर तांबूस ठिपके उमटले होते, नळाचा क्रोम मुलामा जागोजागी निस्तेज झाला होता. आम्ल त्यांच्यावर सांडले नव्हते. बंद खोलीत त्याची वाफ पुरेशी ठरली. गवंड्याने ठरल्याप्रमाणे काम केले, क्रम मी बदलला होता. दांडी बदलली, नळ तसाच आहे, आणि दात घासताना मला तो रोज दिसतो.

रंगसंगतीचा प्रश्न म्हापशाच्या बाजारात सुरू झाला. जुन्या दारांच्या कड्या पितळी असल्यामुळे ‘अँटिक ब्रास’ घ्यावे असे ठरले होते. तीन निरनिराळ्या कंपन्यांचे अँटिक ब्रास मी एका ओळीत मांडले तेव्हा एक हिरवट, एक तांबूस आणि एक चॉकलेटी निघाले. नाव तेवढे समान. त्यानंतर मी घरची एक जुनी बिजागरी पिशवीत घालूनच फिरलो आणि प्रत्येक वस्तू दुकानाच्या दारात, उन्हात नेऊन तिच्याशी ताडून पाहिली. दुकानातला 6500 केल्विनचा पांढरा दिवा पितळेला फिकट, आजारी करून टाकतो, आणि तीच वस्तू घरी 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली उबदार दिसते. म्हणून दिवे आधी ठरवले, पितळ नंतर. शेवटी विभागणी अशी झाली: लाकूड जेथे आहे तेथे पितळ, पाणी जेथे आहे तेथे घासीव फिनिशचे स्टील, आणि काळा रंग फक्त जुन्या लोखंडी गजांवर, कारण ते आधीपासूनच काळे आहेत. काळ्या नळांची सध्या फॅशन आहे. विहिरीचे पाणी वाळून त्यांच्यावर जे पांढरे ठसे उमटतात ते पुसत बसण्याची माझी तयारी नव्हती.

सर्वांत मोठा वाद मधल्या खोलीच्या छतावरून झाला. डिझायनरने तेथे पीओपीचे छत आणि त्यात लपलेले दिवे सुचवले होते. आराखडा सुबक होता. पण गणपती त्याच खोलीत बसतो, आणि नारळ, सुपाऱ्यांचे घोस, तोरिंजण आणि रानफळांनी लगडलेली माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट, ज्या वाशांना टांगतात ते वासे त्या छताआड गेले असते. पीओपीच्या पट्ट्या ते वजन पेलणार नाहीत, हे आईला कोणी समजावून सांगावे लागले नाही. आम्ही छत रद्द केले, वासे घासून तेलपाणी दिले, आणि जुने गंजलेले आकडे काढून प्रत्येक वाशात आरपार बोल्टने स्टीलचे आकडे बसवले. दिवे भिंतीवर आले, त्यांच्या चकत्या पितळी घेतल्या. एरवी आकडे उघडे दिसतात आणि नव्या पाहुण्याला ते कशासाठी आहेत असा प्रश्न पडतो.

दारांबद्दल थोडक्यात सांगतो. फणसाची जुनी झडपे जूनपासून फुगतात, त्यामुळे मे महिन्यात रंधा मारून अगदी नेमकी बसवलेली फट जुलैत नाहीशी होते. सुताराने कुलपाची पट्टी लांबट खाचेची बनवली, म्हणजे जीभ दोन्ही ऋतूंत आत शिरते. कुलपाचा सिलिंडर दाराच्या जाडीप्रमाणे मोजून आणावा लागला, कारण आमची झडपे हल्लीच्या दारांहून जाड आहेत. चिऱ्याच्या भिंतीत साधे प्लास्टिकचे गट्टू धरत नाहीत, भोक पाडताना चिरा भुसभुशीत होऊन ते मोठे होते. जड वस्तूंसाठी लांब अँकर आणि रासायनिक भरण वापरावे लागले. फरशीच्या प्रत्येक खोक्यावर छटेचा क्रमांक छापलेला असतो, तो जुळवून दोन खोकी जादा घेतली आणि माळ्यावर ठेवली.

चतुर्थीच्या चार दिवस आधी काम संपले. आई जुन्या कड्या आणि समया भिरंडाच्या (कोकमाच्या) सोलांनी घासते, आणि नव्या हँडलांवर लाखेचा पातळ थर असल्यामुळे त्यांना सोल लावायचे नाही असे मी तिला सांगितले होते. तिने मान डोलावली. पुढच्या दारावर जुनी कडी आणि नवे हँडल एकमेकांपासून वीतभर अंतरावर आहेत. कडी सोन्यासारखी लखलखते, आणि हँडलाच्या कडीकडील बाजूला लाख उडाल्याचा अंगठ्याएवढा उजळ डाग आहे.